बारा करडी पानं : एका कॅलेंडरच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

नवरात्रातला आजचा रंग राखाडी. शनिवारच्या वाट्याला तोच येतो, जसा सोमवारच्या वाट्याला पांढरा. मुलुंडला लेडीज डब्यात चढले तर आत ढग दाटून आल्यासारखे. एकीची साडी जरा निळसर होती, तर बाकीच्या तिला घाटकोपरलाच उतरवायच्या बेतात. ती बिचारी सांगतेय, "अगं, घरी ट्यूबलाइटखाली राखाडीच दिसत होती!"

मला तिचं लगेच पटलं. बावीस वर्षं छापखान्यात प्लेट जाण्याआधीचं रंगांचं काम करतेय. करडा हा आमच्याकडचा सगळ्यात नाठाळ रंग. सायन (निळा), मॅजेंटा (गुलाबी), यलो (पिवळा) तिन्ही सारखे टाकले तर तपकिरी चिखल होतो. सायन ५० टक्के आणि बाकीचे दोन चाळीस-चाळीस ठेवले तर कुठे करडा सापडतो, आणि मशीनवर एखादी शाई किंचित चढली की तोही गेला. लाल थोडा जास्त लाल झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. करडा बिघडला तर शिपायालाही कळतं.

करी रोडला उतरेपर्यंत डोक्यात पक्कं झालं. प्रेसतर्फे दर दिवाळीला गिऱ्हाइकांना टेबल कॅलेंडर जातं. फुलं झाली, किल्ले दोनदा झाले. मालकांना म्हटलं, २०२६ चं मला द्या. मुंबईतले बारा करडे पक्षी आणि प्राणी, फोटो मी काढते.

मालक म्हणाले, "लोकांना वाटेल आपण रंगाचे पैसे वाचवले."

पण हो म्हणाले.

नियम माझे मीच ठरवले. पिंजऱ्यातलं नको. लोकल, बस, रिक्षाने पोचता येईल तेवढंच. घरट्यापाशी जायचं नाही, मोबाइलवर आवाज लावून पक्ष्याला फसवायचं नाही. कॅमेरा जुना, लेन्स १०० ते ४०० ची, सेकंडहँड.

१३ ऑक्टोबर, रविवार. घरी

पहिला करडा जीव स्वतःच आला. सकाळी स्वयंपाकघराच्या काचेवर धप्पकन पारवा आपटला, खालच्या छज्जावर बसून भानावर आला आणि गेला. काचेवर मात्र अख्खा पारवा राहिला. दोन्ही पंख पसरलेले, टोकाची पिसं सुटी सुटी, मधे डोक्याचा गोल, अगदी चोचीचा ठिपकासुद्धा. तांदळाच्या पिठाने काढावा तसा. पारव्याच्या अंगावर पिसांचीच बारीक भुकटी असते, पिसं नीट राहायला ती उपयोगी पडते. तिचा हा छाप.

सासूबाई फडकं घेऊन आल्या.

"आई, थांबा, फोटो काढते."

"पक्षी समोर बसला होता तेव्हा नाही काढलास. आता डागाचा काढतेस?"

बाहेरून काळी छत्री उघडून धरायला नवऱ्याला गच्चीवजा छज्जावर उभं केलं, आतून फोटो घेतला. बारा पानांतलं पहिलं. पारव्याचा फोटो मुंबईत कुणीही काढेल, हा मलाच मिळाला.

मराठीत पारवा हा पक्षीही आहे आणि रंगही. साडीच्या दुकानात "पारव्या रंगात दाखवा" म्हटलं की दुकानदार चुकत नाही. गळ्यावरचा हिरवा-जांभळा मात्र या हिशेबात धरायचा नाही. तो रंगद्रव्याचा नसतो, पिसांच्या रचनेतून प्रकाश फुटतो म्हणून दिसतो. मान वळली की हिरव्याचा जांभळा. असला रंग कुठल्याही शाईत बसत नाही, त्यामुळे त्याची काळजी मी सोडून दिली आहे.

१० नोव्हेंबर, रविवार. भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता

पूर्व द्रुतगती मार्ग ओलांडून खाडीकडे. साडेसहाला पोचले तेव्हा धुकं होतं की धूर ते कळेना. पाण्याच्या कडेला राखी बगळा. हा बगळ्यांमधला थोराड गडी, उभा राहिला की तीन फूट सहज. डोळ्यावरून मागे काळी पट्टी आणि तिची शेंडी. चाळीस मिनिटं मी त्याच्याकडे बघितलं, त्याने पाण्याकडे. तेवढ्यात त्याने एकदा पायाने मान खाजवली, बाकी काही नाही. मधल्या बोटाच्या नखाला फणीसारखे दाते असतात, त्याने पिसं विंचरतात. यांच्याही अंगावर भुकटी तयार करणाऱ्या पिसांचे खास पुंजके असतात. भुकटी चोळायची, मग माशांचा चिकटा फणीने काढून टाकायचा, असा सगळा संसार.

आज एक मजा झाली. शेजारीच मोठा पांढरा बगळा उतरला. त्याचा फोटो घेतला तर तो करडा आला. मग काठावरच्या कावळ्याचा घेतला, तोही करडा. कॅमेऱ्याच्या मीटरचं हेच दुखणं आहे. समोर काहीही असो, ते मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो. फोटोवाल्यांच्या ग्रे कार्डवर जो १८ टक्के प्रकाश परत फेकणारा करडा असतो, साधारण तोच. म्हणून पांढऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवायचं, काळ्यासाठी कमी करायचं. राखी बगळ्यासाठी काहीच करावं लागलं नाही. मीटर आणि मी पहिल्यांदाच एकमताने वागलो.

घरी येऊन फोटो उघडले तर उजेड बरोबर, रंग चुकलेला. सकाळी सातचा बगळा निळा, साडेआठचा पिवळट. पक्षी तोच, जागाही तीच. करड्याला स्वतःचा रंग इतका थोडा की उजेडाचा जो असेल तो लगेच अंगाला लावून घेतो. पुढच्या वेळेपासून ग्रे कार्ड बरोबर न्यायचं, म्हणजे व्हाइट बॅलन्स तिथेच जुळवता येईल.

८ डिसेंबर, रविवार. राष्ट्रीय उद्यान, बोरिवली

ग्रे कार्ड बरोबर नेलं. ग्रे कार्ड परत आलं नाही.

कान्हेरीच्या पायऱ्यांजवळ बॅग उघडली आणि कार्ड काढलं, तोच मागून एक टोपी माकड आलं आणि ओढून घेऊन गेलं. झाडावर बसून त्याने आधी वास घेतला, मग कोपरा चावला, मग उलटसुलट करून पाहिलं आणि वैतागून खाली टाकलं, ते दरीकडच्या बाजूला. लेणं बघायला आलेल्या शाळेच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

वानरांनी मात्र लाज राखली. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर. इथे दोन्ही आहेत आणि लोक दोघांनाही "मंकी, मंकी" म्हणून बिस्किटं टाकतात. टाकू नयेत. वानरांची टोळी उन्हात पाठ करून बसली होती, प्रत्येकाच्या अंगाभोवती रुपेरी कड. एका मादीच्या कुशीत अगदी लहान पिल्लू होतं, ते काळपट तपकिरी. वानराचं पोर जन्मतः करडं नसतं, काही महिन्यांनी त्याला आईचा रंग चढतो. टोळीतल्या दुसऱ्या माद्या ते पोर हातोहात घेत होत्या. तिसरीकडून परत येईपर्यंत आईची मान सारखी तिकडे.

ओढ्यात करडा धोबीही दिसला, शेपूट वरखाली करत. हिवाळ्यापुरता येतो. पाठ करडी खरी, पण पोट पिवळंधमक. नावात करडा असून उपयोग नाही, यादीतून कटाप.

२९ डिसेंबर, रविवार. मलबार हिलच्या पायथ्याशी

डॉल्फिन. तीन तास. काही नाही.

बाबांना सोबत घेऊन गेले होते. मुंबईच्या किनाऱ्याजवळ दिसतो तो पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेला डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. प्लंबिया म्हणजे शिशाच्या रंगाचा. हे सांगितल्यावर बाबांनी तळहात उघडून पाहिले. पंचवीस वर्षं त्यांनी गिरगावात छापखान्याचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवली. संध्याकाळी घरी आले की बोटांची टोकं शिशाने करडी असायची, आणि आई त्यांना साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय ताटाला हात लावू द्यायची नाही. "शिसं नवं कापलं की चांदीसारखं चमकतं," म्हणाले, "मग हवेने मंद होतं. तुझा मासा कुठला, नवा की जुना?"

मासा नव्हे, सस्तन प्राणी, हे मी त्यांना चारदा सांगितलं.

१९ जानेवारी २०२५, रविवार. बँडस्टँड, वांद्रे

ओहोटी. कातळ उघडा पडलेला. समुद्री बगळा हवा होता आणि तो तिथेच, वीस पावलांवर होता, तरी मला दहा मिनिटं सापडला नाही. पाटीसारखा गडद करडा, कातळही तसाच. पायाची पिवळी बोटं हलली तेव्हा कळलं. डबक्यात पाय हलवून तो मासे उठवत होता. हनुवटीखाली पांढरा टिळा, तेवढीच ओळख.

गंमत म्हणजे याच जातीत पूर्ण पांढरे पक्षीही असतात. एकाच घरट्यात एक भाऊ पांढरा, एक करडा असं होऊ शकतं. फोटोत दोघे एका चौकटीत मिळावेत म्हणून दीड तास बसले. पांढरा आला, करडा उडाला. पुढे एक जोडपं सेल्फी काढायला त्याच कातळावर चढलं, मग दोन्ही उडाले.

१६ फेब्रुवारी, रविवार. शिवडी

आज संकष्टी. बाबांना पाऊणकी अजून तोंडपाठ आहे, त्यामुळे भरतीची वेळ बघायला मला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. एक वाजता जेट्टीवर उभी राहिले. पाणी चढत जातं तसा चिखल आखडतो आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, काठाकडे सरकत येतात.

शिवडीला सगळे गुलाबी बघायला येतात. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला तो इथूनच निघतो, त्यामुळे आता गुलाबी रांगेच्या मागे पुलाची करडी रांग असते. मला दोन्ही नको होतं. मला पोरं हवी होती.

रोहिताचं पिल्लू करडं असतं. अंड्यातून बाहेर येताना करडट पांढरं, मग मळकट करडं, आणि गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तो रंग जन्माचा नाही, खाण्यातून येतो. चोच उलटी धरून चिखलपाणी गाळायचं, त्यातल्या शेवाळातलं आणि बारक्या जिवांतलं रंगद्रव्य हळूहळू पिसांत उतरतं. लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) या जातीचं मुख्य खाणं निळं-हिरवं शेवाळ. निळं-हिरवं खाऊन गुलाबी व्हायचं, ही शाई मला मशीनवर जमणार नाही.

तर थव्याच्या कडेला अशी आठ-दहा पोरं एकत्र. पाय काळपट, चोच करडी, डोळा गडद. मोठ्यांसारखी मान पाण्यात घालायची, पण दोन पावलं टाकली की एकमेकांच्या पायात. एकाने चोचीत काहीतरी काडी धरली होती. तिचं काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण टाकायचीही नव्हती. भरतीचं पाणी पोटाला लागेपर्यंत ती काडी त्याच्या चोचीत होती.

शेजारच्या एका मुलाने आईला विचारलं, "हे काळे का आहेत?"

"आंघोळ केली नसेल."

मी मधे बोलले. सांगितलं, ही लहान आहेत, तुझ्याएवढी. मग त्याला गुलाबी नकोच झाले, कॅमेऱ्यात डोळा लावून तो करडेच मोजत बसला. सोळा म्हणाला. मला अकरा दिसत होते.

उत्तरेला, ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा पट्टा २०१५ पासून रोहितांचं अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जाही मिळाला. शिवडीचा हा चिखल मात्र जेट्टीवरून फुकट बघता येतो. आपण फक्त पाऊणकी करायची.

९ मार्च, रविवार

डॉल्फिन! एकदाच, लांब, दोन सेकंद. पाठ आणि वशिंडावरचा छोटा पंख. चौदा फोटोंतल्या एकात दिसतो, तोही मोहरीएवढा. भोवती सगळं पाणी शिशाच्या रंगाचं. बाबा म्हणाले, "जुनं शिसं."

१२ एप्रिल, शनिवार. आरे

राखी धनेश. उंबराच्या झाडावर नर फळं तोडत होता. चोचीच्या टोकात उंबर धरायचं, मान मागे टाकायची, उंबर हवेत आणि मग गळ्यात. पण गिळत नव्हता, साठवत होता. म्हणजे कुठेतरी ढोलीत मादी आहे. या दिवसांत ती स्वतःला ढोलीत कोंडून घेते, तोंड आपल्या विष्ठेने लिंपून बुजवते, नराची चोच जाईल एवढी फट ठेवते. आत पंखांची पिसंही झडतात, त्यामुळे मनात आलं तरी उडता येत नाही. बाहेरचा एकटा नर सगळ्यांचं पोट भरणार. त्याला काही झालं तर आत सगळंच संपलं.

एक फोटोवाला भेटला. म्हणाला ढोली माहीत आहे, चला दाखवतो, तिथे बाकीचेही असतात. मी नको म्हटलं. "बाकीचेही" म्हणजे नराने ढोलीपाशी यायचं आधी सहा लेन्स ओलांडून. उंबरावरचा फोटो चांगला आला आहे. भुऱ्या आकाशापुढे भुरा पक्षी, मधे एक लालसर उंबर हवेत.

३ मे, शनिवार, रात्री. प्रेसचा कागदाचा गोडाऊन

शाळेच्या वह्यांच्या कामासाठी थांबले होते. अकराच्या सुमाराला वॉचमन झाडू उगारून रिमांच्या मागे धावला. "ताई, उंदीर!"

उंदीर नव्हता. चिचुंद्री होती आणि मागे तिची चार पिल्लं. पहिल्याने आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडात धरलेलं, दुसऱ्याने पहिल्याला, तिसऱ्याने दुसऱ्याला. आगगाडी. आई थांबली की सगळी थांबत, ती निघाली की शेवटच्याला झटका बसे. वॉचमनचा झाडू खाली आला.

जमिनीवर पोट टेकून झोपले. अंगावर पंजाबी ड्रेस होता म्हणून बरं. दोन फुटांवरून पाहिलं तर चिचुंद्रीत करडे किती! पाठीवर मखमली, उजेड आडवा पडला की रुपेरी झाक. पोटाकडे फिकट. कान पातळ, गुलाबी, त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. शेपूट बुडाशी जाड आणि तिच्यावर विरळ लांब केस. डोळे खसखशीएवढे, आणि ते काही कामाचे नसावेत, कारण माझ्या कोपरापाशी आली तरी तिला पत्ता नाही. सगळं काम नाकाचं. लांब, टोकदार नाक सारखं डावीकडे-उजवीकडे, भिंत चाचपत. चालताना मूठभर नाणी खुळखुळावीत तसा आवाज. वास? वास होताच. उंदरांशी हिचं नातं नाही. ती किडे खाते, झुरळं खाते. कागदाच्या गोडाऊनमध्ये हिला पगार द्यायला हवा.

ट्यूबलाइटमुळे फोटो हिरवट आला. रिमावरचा पांढरा कागद चौकटीत होता, त्यावरून रंग जुळवला.

वॉचमन आता तिला "मॅडमची गाडी" म्हणतो.

२७ मे, मंगळवार

काल पाऊस आला, मुंबईत मे महिन्यातच. सगळं शहरच करडं झालं. मधल्या काळात गावकावळ्याची मान आणि शिकारी शिक्रा, एवढी पानं झाली. पावशा राहिला होता. तो शिक्र्याच्या वेषात फिरतो, करडी पाठ, पोटावर पट्टे, लहान पक्षी त्याला बघून पळतात. आज कॉलनीमागच्या आंब्यावरून ओरडतोय, "पेरते व्हा, पेरते व्हा." मुलुंडमध्ये काय पेरायचं हे तोच जाणे. ओला, विस्कटलेला, चिडलेला फोटो मिळाला.

२२ जून, रविवार

शेवटचं मुंगूस. सोसायटीच्या मागच्या भिंतीजवळ रोज सकाळी पावणेआठला येतं, हे वर्षभर कचरा नेणाऱ्या मावशी सांगत होत्या आणि मी डोंगर-खाड्या पालथ्या घालत होते. दगडी कुंपणावर दोन पायांवर उभं राहून त्याने माझ्याकडे पाहिलं.

फोटो मोठा करून बघताना हसू आलं. मुंगसाचा एकही केस करडा नाही. प्रत्येक केसावर गडद आणि फिकट वेढे, एकाआड एक. दुरून सगळे मिसळून करडे दिसतात. आम्ही छापखान्यात दुसरं काय करतो? भिंगाखाली ठिपके, हातभर अंतरावर रंग. त्या ठिपक्यांच्या रचनेला आम्ही स्क्रीन म्हणतो. मुंगूस जन्मतःच स्क्रीन होऊन आलंय. छापताना त्याच्या केसांच्या वेढ्यांवर आमचे ठिपके बसून जाळी दिसेल ही धास्ती आहे, त्या पानाला बारीक स्क्रीन लावावी लागेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार. मशीनवर

पुन्हा नवरात्र. आजचा रंग पिवळा. पहिलं प्रूफ घेऊन वाकले तर मशीनमन काका म्हणाले, "ताई, जरा मागे व्हा. तुमच्या साडीचा पिवळा कागदावर पडतोय, मला राखाडी दिसेना." दोन पावलं मागे सरकले. बाइंडिंगच्या बायकांनाही लांब उभं केलं, त्याही सगळ्या पिवळ्या.

पहिल्या शंभर शीट वाया गेल्या. वानर गुलाबी. काकांनी मॅजेंटाची चावी दोन घरं कमी केली तर बगळा हिरवा. दोन्ही पानं एकाच फॉर्मात शेजारी लागलीत, एकाला बरं करावं तर दुसरं आजारी. पाऊण तास गेला. शेवटी काळ्यावर भर देऊन तिन्ही रंग खाली ओढले, तेव्हा दोघेही ताळ्यावर आले. मुंगसाला जाळी आली नाही. चिचुंद्रीच्या कानाचा गुलाबी राहिला, तो मी मुद्दाम राखला होता.

मग डिसेंबरचं पान. सगळं करडं पाणी. काकांनी शीट उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि मशीन थांबवली.

"हिकी आहे, नको तो ठिपका. ब्लँकेटवर, मशीनच्या रबरावर, कचरा बसलाय. फडकं आण रे."

"काका, पुसू नका. तो डॉल्फिन आहे."

काकांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग मदतनिसाला हाक मारली, त्यालाही दाखवलं, आणि फडकं खांद्यावर टाकून मशीन सुरू केली.